घाटमाथ्यावरची भरती

आमच्या विभागात भिंतीवर एक घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघून कुणी काही करत नसे. आम्ही बघायचो ते पंचांग. आजची तिथी कोणती ते बघायचं, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हाताशी आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे किनाऱ्यावरच्या कोळ्यांचं जुनं तोंडी गणित, आणि आमच्या विभागप्रमुख बाईंनी त्याच्यावर विद्यापीठाचा एक अख्खा विभाग चालवला. भरती चढत असली की तास, ओहोटी लागली की टाक्यांवरचं काम. भरतीची वेळ रोज थोडी पुढे सरकते, म्हणून आमचे तासही रोज पुढे सरकायचे. रात्रीची भरती तेवढी बाईंनी आम्हाला माफ केली होती.

विभाग समुद्रकाठी असता तर यात नवल नव्हतं. पण आम्ही होतो मुळशीत. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, ताम्हिणी घाट उतरून आणखी बरंच पुढे गेल्यावर. आमच्या खिडकीतून दिसायचा धरणाचा जलाशय, त्याच्या काठची भातखाचरं आणि शनिवार-रविवारी रिसॉर्टकडे निघालेल्या गाड्यांची रांग. अशा जागी ‘सागर आणि किनारा विज्ञान विभाग’ ही पाटी बघून येणारे-जाणारे थांबायचे, फोटो काढायचे आणि हसत पुढे जायचे. बाई त्यांच्याकडे बघून हात हलवायच्या.

मी मूळची कोथरूडची. समुद्राचं शास्त्र शिकायला मुंबईला किंवा गोव्याला जायचं माझ्या मनात होतं. दोन्हीकडे प्रवेश मिळाला नाही, म्हणून मुळशीत आले. समुद्राकडे जायला निघून मी डोंगरातच अडकले, असं आई म्हणायची. निदान दिशा बरोबर आहे, असं बाबा म्हणायचे. तेव्हा मी जांबे गावात आयटीवाल्या दोन मुलींबरोबर भाड्याने राहत होते. त्यांची शिफ्ट अमेरिकेच्या घड्याळावर, माझी चंद्रावर. घरमालकीणकाकू एकदा दाराशी येऊन म्हणाल्या, “ह्या दोगी कवा जात्यात त्ये कळतंय. तुजं न्हाई कळत. कदी सकाळी, कदी दुपारी. काय हाय काय नेमकं?”

मी म्हटलं, “भरती असते काकू.”

“पोलिसात व्हय?” काकूंनी कौतुकाने विचारलं. मी मान हलवली. खरं सांगत बसले असते तर माझीच भरती कुठे करावी याचा त्यांनी विचार केला असता.

बाई बुटक्या, दणकट, आणि वर्षाचे बाराही महिने सुती साडीवर रबरी बूट घालणाऱ्या. पदर कमरेला खोचलेला. त्या बुटांवरच त्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात व्यासपीठावर बसायच्या. कुणी काही सुचवलंच तर म्हणायच्या, “चिखल कवा लागंल सांगता येतंय व्हय?” व्यासपीठावर चिखल कसा लागेल, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. त्यांच्या पर्समध्ये पेन सापडायचं नाही, चष्मा सापडायचा नाही, पण खड्या मिठाची एक पुडी मात्र कायम असायची. टाकीत मीठ कमी पडलं की त्यातलं चिमूटभर टाकायचं, असं त्या सांगायच्या. इतक्या मोठ्या टाकीला त्या चिमटीने काय होणार, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडलेला होता.

मुळशी तालुक्यातल्याच एका डोंगरकुशीतल्या गावच्या त्या. भातशेती करणाऱ्या घरातल्या. शिकल्या खूप, परदेशात राहून आल्या, त्यांचे लेख बाहेरच्या नियतकालिकांत छापून यायचे आणि त्यातलं इंग्रजी इतकं नेटकं असायचं की संपादक त्यात स्वल्पविरामही हलवत नसत. पण तोंड उघडलं की मावळ. वर्गात, सभेत, परदेशी पाहुण्यांसमोर, सगळीकडे एकच भाषा. “ल्हिताना साहेबाचं ल्हिते,” त्या म्हणायच्या, “बोलताना आमचं बोलते. कुनाची उधारी न्हाई.”

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा नव्या मुलांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याचा एक पेला दिला.

“प्या.”

मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“थुकू नको. गीळ. आता सांग, कसं हाय?”

“खारट.”

“खारट तर लोनचं बी असतंय. ह्ये खाडीच्या तोंडाचं हाय, का आतलं हाय, का हिरीत मुरलेलं हाय, त्ये सांग.”

मला काय डोंबल कळणार होतं! पण वर्ष संपेपर्यंत आम्ही सगळे घोट घेऊन सांगू लागलो. विभागात खारटपणा मोजायची चांगली यंत्रं होती, बाई ती जिवापलीकडे जपायच्या, पण आधी जीभ आणि मग यंत्र हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. बाहेरून आलेल्या एका परदेशी शास्त्रज्ञालाही त्यांनी हा पेला पाजला. तो बिचारा स्वागताचं सरबत समजून एका दमात प्यायला. बाई म्हणाल्या, “ह्यो खरा समुद्राचा मानूस.” पुढची कित्येक वर्षं तो बाईंना नववर्षाचं भेटकार्ड पाठवत असे.

समुद्राचं वेड डोंगरातल्या बाईंना लागलं कसं, हे मी त्यांना एकदा धरणाच्या कडेला उभी असताना विचारलं. आम्ही टाक्यांसाठी पाणी भरायला गेलो होतो. बाईंनी जलाशयाकडे बोट केलं.

“आमच्या पनज्याची खाचरं ह्या पान्याखाली हायेत. धरन बांधलं, गाव गेलं. मी ल्हान असताना इचारायचे, मंग ह्ये पानी जातंय कुटं? घरची म्हनायची, बोगद्यातनं खाली कोकनात. तितं त्याची वीज करत्यात. आन् मंग? मंग नदीत. आन् मंग? मंग खाडीत, समुद्रात.” त्यांनी बादली खाली ठेवली. “देवानं ह्ये पानी पूर्वेला धाडलं व्हतं, मानसानं पश्चिमेला वळवलं. तवाच ठरवलं, ज्या पान्यानं आमची खाचरं नेली त्ये जिथवर जातंय तिथवर जाऊन बघायचं. लोक म्हनत्यात मुळशीला समुद्र न्हाई. आमचं गाव समुद्रातच गेलंय की!”

हे सांगताना त्या रडल्या वगैरे नाहीत. बादली उचलली आणि चालू लागल्या. मला मात्र त्या दिवसापासून आमच्या विभागाची पाटी विनोदी वाटेनाशी झाली.

आता त्या टाक्यांबद्दल सांगायला हवं. विभागाच्या मागे सिमेंटच्या मोठ्या टाक्या होत्या, त्यांत खाडीतून आणलेला गाळ आणि त्या गाळात तिवराची रोपं. तिवर म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं झाड, खाडीकाठच्या खारफुटीतलं. शेजारच्या उंच पिंपात धरणाच्या पाण्यात मीठ कालवून ते खारं पाणी हळूहळू टाकीत सोडायचं, रोपं बुडू द्यायची, मग तसंच हळूहळू काढून घ्यायचं. सह्याद्रीच्या माथ्यावर आम्ही भरती-ओहोटी आणत होतो. रिसॉर्टवर उतरलेली एक सुखवस्तू मंडळी एकदा कुंपणाशी येऊन म्हणाली, “कोळंबी आहे का? ताजी मिळेल?” बाईंनी त्यांना आदराने खुर्च्या दिल्या, भरती पूर्ण चढेपर्यंत बसवून ठेवलं आणि शेवटी सांगितलं, “ह्ये झाड हाय. खाऊन बघा पायजे तर.”

खाडीतला गाळ तेलाच्या डब्यांत भरून एसटीने यायचा. पौडच्या स्टँडवर बाई त्या डब्यांवर बसलेल्या असायच्या. नव्या कंडक्टरने विचारलं, “काय हाय डब्यात?” की उत्तर ठरलेलं, “कोकन.” जुने कंडक्टर विचारायचे नाहीत, मागची जागा मोकळी करून द्यायचे.

हे सगळं चाललं होतं ते एका गावासाठी. घाटाखाली, खाडीच्या काठी ते गाव. त्याची भातशेती समुद्राच्या पातळीला, आणि खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध. पावसाळ्यात मोठं उधाण आलं की लाटा बांधाला धडका द्यायच्या आणि बांध कुठेतरी फुटायचा. मग खारं पाणी शेतात, शेत नापीक. बांधामागे गावाचं जुनं तळं होतं, तेही खारं होऊन गेलेलं. प्यायचं गोडं पाणी, गावच्या बोलीत ‘गोरं’, टँकरने यायचं. मी पहिल्यांदा त्या गावात जेवले ती भागीकाकूंकडे. बांध सांभाळण्यात बाप्यांपेक्षा पुढे असणारी ही बाई, आवाजाने खाडी पार करणारी. भात वाढला, पहिला घास घेतला आणि मी चमकले. चांगलाच खारट होता.

“मीठ जास्त झालं का काकू?” मी भीतभीत विचारलं.

भागीकाकू हसल्या. “मीठ? आमचे गावान भातान मीठ कोन टाकतंय! तल्याचे पान्यान रांधला का झाला.”

गावाची ही रीतच होती. टँकरचं पाणी पिण्यापुरतं, भात शिजायचा तळ्याच्या पाण्यात, आणि त्यात मीठ घालायचं नाही. गावच्या नव्या सुना सवयीने मीठ घालायच्या आणि सासरी पहिल्याच दिवशी त्यांची फजिती व्हायची. सगळे हसून सांगत होते. मीही हसले. बाई मात्र घास तोंडात घोळवत होत्या. पाणी किती खारं आहे ते त्या मोजत होत्या, एवढं मला आता कळायला लागलं होतं.

बांधापुढे तिवराचं दाट रान उभं राहिलं तर लाटांचा जोर त्यातच मोडेल, गाळ धरला जाईल आणि बांध टिकेल, हे बाईंचं म्हणणं. आम्ही टाक्यांतली रोपं घाटाखाली नेली आणि पावसाळ्याच्या तोंडावर लावली. काय सुंदर लावली होती! बाईंनी स्वतः पदर खोचून सगळ्यांना दाखवलं. बोटांच्या चिमटीत रोप धरायचं, मऊ चिखलात खुपसायचं, मागे सरकत जायचं. एका रेषेत, एका अंतरावर, आणि खाडीतली सगळ्यात खोलगट, सगळ्यात मऊ, पाणी धरून ठेवणारी जागा बघून. मुळशीत भाताची आवणी अशीच करतात. गावकरी बघत राहिले.

पावसाळा सरला तेव्हा त्यातलं एकही रोप जिवंत नव्हतं. काळी पडून, कुजून आडवी झाली होती.

बाई त्या चिखलात उभ्या राहिल्या. एक रोप उपटून त्याची मुळं बघितली. मग म्हणाल्या, “गुदमरली गं पोरं माजी. मी भाताची लेक. भाताला पानी साचलेलं लागतंय, म्हनून बघून बघून खोलात लावली. ह्या झाडाला पान्यासंगट वारा बी लागतोय. पानी यावं आन् जावं बी. एवढं शिकले आन् हात आईचाच चालला.” जगातल्या किती तरी किनाऱ्यांवरची तिवरं त्यांनी अभ्यासली होती. तरी चिखल दिसला आणि मुळशीची बाई भात लावून मोकळी झाली.

दुसरी कुणी असती तर कारणं सांगितली असती. वादळ, खेकडे, गावची गुरं, काहीही चाललं असतं. बाईंनी विद्यापीठात जाऊन सरळ सांगितलं, “माझी चूक झाली.” आणि तिथेच कुलसचिवांना हवं ते सापडलं. आमचे कुलसचिव वाईट माणूस नव्हते. नीटनेटके होते, आणि डोंगरात समुद्राचा विभाग ही गोष्ट त्यांच्या नीटनेटकेपणात बसत नव्हती. त्या इमारतीत रिसॉर्ट चालवायचा अभ्यासक्रम काढायचा, ही त्यांची जुनी योजना. मुळशीत रिसॉर्टं आहेत, समुद्र नाही, त्यांचा मुद्दा तसा बिनतोड होता.

“बाई, रोपं मेली,” ते भर सभेत म्हणाले. “आता विभागही शांतपणे मिटवू या.”

“झाड वाढायला येळ लागतोय,” बाई म्हणाल्या. “पुन्यांदा लावते. वाढू द्या. मंग या बघायला. बांध टिकला न्हाई, गावाचं भलं झालं न्हाई, तर विभागाची चावी मी सोता तुमच्या टेबलावर ठेवीन.”

विद्यापीठाने ते मान्य केलं. झाडं वाढली की समिती जाऊन बघेल, आणि समितीला पटलं नाही तर विभाग बंद. विभागातल्यांच्या नोकऱ्या, आम्हा मुलांच्या पदव्या, टाक्या, गाळ, पाटी, सगळं त्या चिखलात लावलं गेलं.

पंचांग भिंतीवर आलं ते यानंतर. बाई म्हणाल्या, “जोवर आपल्या अंगाला भरती कळत न्हाई तोवर रोपाला हात लावायचा न्हाई.” आधी आम्हाला वाटलं, रागात बोलल्या, विसरतील. दुसऱ्या दिवशी तासांची वेळ सरकली, तिसऱ्या दिवशी आणखी सरकली, आणि आमच्या जेवणाचे, झोपेचे, बसचे सगळे हिशेब बिघडले. मी मनातून वैतागले होते. पण काही महिन्यांनी एक चमत्कारिक गोष्ट झाली. जांब्यातल्या खोलीवर भाजी चिरताना मला आपोआप वाटून जायचं की आता खाडी भरत आली असेल, आता पाणी तिवराच्या बुंध्याला लागलं असेल. डोंगरात बसून समुद्राची वेळ कळायला लागली. बाई स्वतः खाडीच्या बांधावर पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत बसून राहायच्या, जुनी तिवरं कुठे उभी आहेत आणि पाणी त्यांना किती वेळ मोकळं सोडतं ते बघायच्या. भागीकाकू त्यांच्याशेजारी बसून गप्पा मारायच्या.

दुसऱ्या वेळी आम्ही रोपं वरच्या अंगाला लावली, जिथे पाणी येतं आणि वेळेवर निघूनही जातं. रेषा नाही, मापाचं अंतर नाही, जुन्या झाडांच्या आसऱ्याने, इथे चार आणि तिथे दोन. भागीकाकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, “ह्या खेपेला वाकडी लावलीस!” बाई म्हणाल्या, “व्हय. वाकडीच जगत्यात.”

आणि जगली! पहिल्या पावसाळ्यात अर्ध्याहून अधिक टिकली. पुढच्या वर्षी कमरेला लागली. मग त्यांची श्वासाची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आली, त्यांच्यात गाळ अडकला, गाळात खेकडे आले, खेकड्यांमागून बगळे आले. बाई प्रत्येक फेरीत झाडांमधून हिंडायच्या आणि परत येताना साडी चिखलाने भरलेली असायची. बुटांचा काय उपयोग होता, मला कधी कळलं नाही.

मग तो पावसाळा आला. अमावस्येचं उधाण आणि त्यातच समुद्रात वादळ. खाडीकाठच्या किती तरी गावांचे बांध फुटल्याच्या बातम्या सकाळपासून येत होत्या. आमच्या गावाला फोन लागत नव्हता. घाट दरड कोसळून बंद. बाई आणि मी पौडच्या स्टँडवर, खाली जाणारी एखादी तरी गाडी सुटेल म्हणून उभ्या होतो.  बाई मिठाची पुडी पर्समधून काढायच्या, परत ठेवायच्या. दुपारी फोन वाजला. भागीकाकूंचा आवाज मला बाजूला उभी असूनही ऐकू आला.

“बांध हाय गो! बांध हाय!”

बाईंनी फोन कानापासून काढला आणि भर स्टँडवर ओरडल्या, “बांध हाय!”

सगळं स्टँड वळून बघायला लागलं. तहसील कचेरीतून आलेल्या एका फेटेवाल्या आजोबांनी विचारलं, “कुटला बांध? शेताचा?”

“समुद्राचा!” बाई म्हणाल्या.

“मंग ब्येस झालं,” आजोबा म्हणाले. मुळशीतल्या माणसाला समुद्राचा बांध टिकल्याचा आनंद का व्हावा? पण त्यांना झाला. चहाच्या टपरीवाल्याने आम्हाला चहा दिला, कंडक्टरांनी विचारपूस केली, आणि बाई त्या गर्दीत रबरी बूट घालून अशा उभ्या होत्या की जणू गावची निवडणूक जिंकून आल्या आहेत. मी त्यांना मिठी मारली. विद्यापीठात असं करायची माझी हिंमत झाली नसती.

कुलसचिव मात्र सहज हार मानणारे नव्हते. “एका वादळात वाचला, योगायोग असू शकतो,” ते म्हणाले. “गावाला उपयोग काय झाला ते दाखवा. आणि आकड्यांचे तक्ते नकोत, ते मला समजत नाहीत.”

आणखी एक पावसाळा गेला. बांध हलला नाही. दिवाळीनंतर समिती निघाली. बाईंनी दिवस ठरवला तो अमावस्येचा, कारण उधाणाचं पाणी दुपारच्या आत झाडांना भिडलेलं दिसणार होतं. “अमावस्येला समिती?” कुलसचिव म्हणाले. “चंद्राला इचारून ठरवलंय,” बाई म्हणाल्या. कुलसचिव, बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या एक वयस्कर प्राध्यापिका, त्या समितीच्या अध्यक्ष, आणि आम्ही विभागातले सगळे. ताम्हिणीच्या वळणांवर कुलसचिवांना दोनदा गाडी थांबवावी लागली.

भरती पुरी चढली होती. खाडीचं पाणी तिवरांच्या रानात शिरत होतं आणि बांधापर्यंत पोचताना नुसतं डुचमळत होतं. अध्यक्षबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या, झाडांची नावं विचारत होत्या, खूश दिसत होत्या. कुलसचिव घाटाच्या त्रासातून अजून सावरत होते. “झाडं चांगली आहेत,” ते म्हणाले. “पण झाडं तर मुळशीतही आहेत.”

मी बाईंकडे बघितलं. बाई शांत होत्या. “आदी जेवून घ्या,” म्हणाल्या.

गावाने मांडव घातला होता. त्याच बांधामागच्या शेतातलं नवं भात कांडून त्याचा तांदूळ काढलेला. तळ्याकाठी मोठं पातेलं चढलं होतं. भागीकाकू आणि गावच्या बायका रांधत होत्या, आणि बाई पातेल्याजवळ उभ्या राहून बघत होत्या. एवढ्या बडबड्या बाई, पण तिथे तोंडातून अवाक्षर नाही.

पानं वाढली. भात, वालाची भाजी, सुकटीची चटणी. कुलसचिवांच्या पोटाला त्या दिवशी तिखट चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी फक्त कोरडा भात घेतला आणि पहिला घास तोंडात घातला. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी घास चावला, थांबले, तोंड जरा वाकडं केलं.

“भात अळणी झालाय हो,” ते म्हणाले. “यात मीठच नाही.”

मांडवातल्या सगळ्या माना पातेल्याकडे वळल्या. अध्यक्षबाईंना वाटलं, यजमानांचा अपमान झाला. त्या घाईने म्हणाल्या, “छान आहे, छान आहे भात.”

भागीकाकू वाढायचा डाव हातात घेऊन तशाच उभ्या. त्यांनी पातेल्यातलं एक शीत उचलून जिभेवर ठेवलं. मग दुसरं ठेवलं. मग डाव खाली टाकला आणि तळ्याकडे धावत सुटल्या. पायऱ्या उतरून त्यांनी ओंजळ भरली, प्यायल्या, पुन्हा भरली, पुन्हा प्यायल्या.

“गोरं झालंय!” त्या तिथूनच ओरडल्या. “तल्याचं पानी गोरं झालंय!”

मग कोण कुणाचं ऐकतंय! बायका धावल्या, बाप्ये धावले, म्हातारी माणसं काठ्या टेकत उतरली. जो तो ओंजळीने पाणी पितोय आणि दुसऱ्याच्या अंगावर उडवतोय. गावात भाताला मीठ घालत नव्हते, त्या दिवशीही कुणी घातलं नव्हतं, कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. गेल्या चैत्रात गावदेवीच्या जेवणाला भात खारटच झाला होता. पण बांध फुटत नव्हता, पाऊस तळ्यातलं मीठ धुऊन नेत होता, भात दिवसागणिक कणभर अळणी होत गेला तो रोज खाणाऱ्या जिभांना कळला नाही, आणि रोज समोर असलेलं तळं गोडं झाल्याचं गावालाच ठाऊक नव्हतं.

मी बाईंजवळ गेले. “तुम्हाला माहीत होतं?”

“यंत्रानं सांगितलं व्हतं. जिभंनं बी.”

“मग गावाला सांगितलं का नाही? निदान भात शिजताना मीठ टाका म्हणायचं!”

“मागं लई बोलले व्हते. तोंडावर पडले,” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. “ह्या खेपेला म्हनलं, आपुन न्हाई बोलायचं. भात बोलंल.”

अध्यक्षबाईही तळ्यावर जाऊन पाणी पिऊन आल्या. पदराला हात पुसत कुलसचिवांना म्हणाल्या, “माझं काम झालं. हा विभाग बंद करायचा असेल तर आधी मला हे पाणी खारं करून दाखवा.”

कुलसचिव पानावर तसेच बसले होते. आपण नेमकं काय बोलून गेलो, हे त्यांना आता कुठे उमगत होतं. एवढा मोठा माणूस, पण तोंडावर शाळेतल्या मुलाचा गोंधळ. मग ते हळूच म्हणाले, “बाई, विभाग राहिला. पण भात खरंच अळणी आहे हो.”

बाईंनी पर्स उघडली. इतकी वर्षं ज्या पुडीचं मला कोडं पडलं होतं, ती बाहेर काढली आणि चिमूटभर खडं मीठ चुरून त्यांच्या पानात वाढलं.

“घ्या साहेब,” त्या म्हणाल्या. “आजपास्नं ह्या गावात मीठ वरनंच घ्यावं लागनार.”